परवाना कामगाराच्या नावाचा, चावी मालकाच्या खिशात

भिलाईच्या कडेला कुरुद आहे. एके काळी ते गाव होते, आता शहराने ते पोटात घेतले आहे. तिथल्या घरांतून पहाटे डबे भरले जातात आणि माणसे सायकलींवरून, मोटारसायकलींवरून पोलाद कारखान्याकडे आणि औद्योगिक वसाहतीकडे निघतात. त्यांतले बहुतेक ठेकेदाराकडे आहेत. गेल्या पावसाळ्यात या कुरुदमधला एक तरुण संध्याकाळी आमच्या कार्यालयात आला. आयटीआय झालेला वेल्डर. त्याचे आजोबा भंडारा जिल्ह्यातून कारखान्याच्या बांधकामावर आले. वडील कायम नोकरीत राहून निवृत्त झाले. हा तिसऱ्या पिढीचा मुलगा सहा वर्षे तीन ठेकेदारांकडे राबला आणि कायम काही झाला नाही. खिशातून घडी घातलेला कागद काढून त्याने टेबलावर ठेवला.

"काका, एवढं वाचून सांगा. परवा पैसे भरायचेत."

कागद कुवेतच्या व्हिसाचा होता. पदाच्या जागी लिहिले होते, घरगुती वाहनचालक. मालकाच्या जागी कंपनीचे नाव नव्हते, एका व्यक्तीचे नाव होते. कलमाच्या जागी वीस. मी विचारले, "तुला मोटार येते का?" म्हणाला, "नाही. मोटारसायकल येते. पण दलाल म्हणाला, कागदावरचं सोडा, तिथं गेल्यावर कुठंही वेल्डिंग करा. आझाद व्हिसा आहे. वर्षाकाठी मालकाला थोडे पैसे दिले की झालं." या 'आझाद' कागदाची किंमत होती दीड लाख रुपये. आईचे दागिने गहाण पडणार होते आणि गावाकडच्या जमिनीचा तुकडा विकायचे बोलणे चालले होते.

हा लेख त्या कागदाबद्दल आहे. आपल्या चळवळीत कंत्राटी पद्धतीवर ढीगभर लिहिले गेले, परंतु एकट्या मालकाच्या नावाने परदेशात जाणाऱ्या कामगाराबद्दल आपण फारसे बोलत नाही. तो कोणत्याही कारखान्याच्या दारावर उभा नसतो. तो कुणाच्या तरी घराच्या भिंतीआड असतो. म्हणून तो आपल्याला दिसत नाही.

कलम वीस म्हणजे काय?

कुवेतमध्ये परदेशी कामगाराला राहण्याचा परवाना कामाच्या प्रकाराप्रमाणे मिळतो. खाजगी कंपनीत काम करणारा कलम अठराखाली येतो. घरात काम करणारी बाई, स्वयंपाकी, माळी, घरचा वाहनचालक हे सारे कलम वीसखाली येतात. फरक केवळ आकड्याचा नाही. अठरावाल्याला २०१० चा खाजगी क्षेत्राचा कामगार कायदा लागू होतो. त्यात दिवसाला आठ तास आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा आहे. वीसवाल्याला त्या कायद्यातून सरळ वगळले आहे. त्याच्यासाठी २०१५ चा ६८ क्रमांकाचा वेगळा कायदा आहे.

तो कायदा वाईट आहे असे म्हणण्याचे कारण नाही. आखाती देशांत तो पुढचा मानला गेला. आठवड्याची सुटी, वर्षाला तीस दिवसांची पगारी रजा, सेवा संपल्यावर दर वर्षामागे एक महिन्याचा पगार आणि मालकाने पासपोर्ट ठेवून घेण्यास मनाई, हे सारे त्यात आहे. २०१६ मध्ये महिन्याला साठ दिनारांचे किमान वेतनही ठरवले गेले. पण कामाचे तास? बारा. आणि घराच्या आत जाऊन पाहणार कोण? कारखान्यात निरीक्षक येतो, निदान येण्याचे नाटक तरी करतो. घराच्या उंबरठ्यावर कायदा चप्पल काढून बाहेर उभा राहतो.

खरी गाठ याहून खोल आहे. वीस कलमाचा परवाना माणसाला देशात राहू देतो तो त्या एका मालकाचा नोकर म्हणून. मालक बदलायचा असेल तर सामान्यतः मालकाचीच संमती लागते. मालकाने 'कामगार गैरहजर आहे' अशी तक्रार नोंदवली की परवाना रद्द होतो, आणि कालपर्यंत कायदेशीर असलेला माणूस आज अटकेस आणि हद्दपारीस पात्र ठरतो. पगार मागायला गेला म्हणून तक्रार झाली की मार खाऊन पळाला म्हणून झाली, हे नंतर सिद्ध करायचे. तेही परक्या भाषेत, खिशात पैसे नसताना, तुरुंगाच्या दारातून.

आपल्याकडे ठेकेदार रागावला तर काम जाते. तिथे मालक रागावला तर काम जाते, राहण्याचा हक्क जातो आणि कर्ज मात्र राहते.

आझादीचा बाजार

आता 'आझाद व्हिसा' हा शब्द पाहू. असा व्हिसा कोणत्याही कायद्यात नाही. तो दलालांच्या तोंडी जन्मला. कुवेतमधला एखादा गृहस्थ आपल्या घराला चालक हवा असे दाखवून परवाना काढतो. त्याला चालक नको असतो. परवाना विकायचा असतो. तो तिथल्या मध्यस्थाला विकतो, मध्यस्थ मुंबईच्या एजंटाला, एजंट रायपूर-दुर्गच्या पोटदलालाला, आणि शेवटी किंमत भरतो कुरुदचा वेल्डर. मग तो तिथे जाऊन दुसऱ्याकडे काम करू लागला की पहिल्याच दिवसापासून कायद्याचा गुन्हेगार असतो. त्याचा खरा मालक, म्हणजे ज्याच्या कार्यशाळेत तो वेल्डिंग करतो तो, कागदावर त्याला ओळखत नाही. कागदावरचा मालक त्याला कामावर ओळखत नाही. अपघात झाला तर भरपाई कुणाकडे मागायची? पगार थकला तर कोणत्या करारावर दावा करायचा? करारात तर चालक लिहिले आहे!

हा व्यापार कुवेत सरकारला माहीत नाही असे नाही. ५ जानेवारी २०२५ पासून तिथे परदेशीयांच्या निवासाचा नवा कायदा लागू झाला आणि परवान्यांची विक्री हा त्यात शिक्षेचा गुन्हा आहे. चांगलेच झाले. परंतु विक्री का होते, याचे उत्तर कायदा देत नाही. परवाना मालकाच्या मालकीचा आहे म्हणून तो विकता येतो. जी वस्तू कामगाराच्या हाती असती, ती मालकाने कुणाला विकली असती? २०२४ च्या १४ जुलैपासून १२ सप्टेंबरपर्यंत तिथल्या सरकारने वीसमधून अठरामध्ये जाण्याची वाट दोन महिने उघडली. तेवढ्या दोन महिन्यांत त्यांना मान्य करावे लागले की माणसाला घरातून कंपनीत जाऊ दिले तर काही बुडत नाही. मग वाट पुन्हा बंद. आणि १ जुलै २०२५ पासून अठरा कलमाच्या कामगारालाही देश सोडण्यापूर्वी मालकाची बाहेर जाण्याची परवानगी घेणे सक्तीचे झाले. सुधारणा दोन पावले पुढे जातात आणि दीड पाऊल मागे येतात, ते असे.

हे केवळ कुवेतचे दुखणे नव्हे. सौदी अरेबियाने मार्च २०२१ मध्ये मालक बदलण्याच्या सवलती दिल्या तेव्हा घरकामगार आणि घरचे चालक त्यातून वगळले. याउलट कतारने २०२० मध्ये कायदा बदलून जुन्या मालकाच्या ना-हरकत पत्राची अट काढली, आणि त्यात घरकामगारांनाही धरले. नोटिशीची मुदत पाळायची आणि दुसरीकडे जायचे. तिथेही त्रास संपलेला नाही, मालक खोट्या तक्रारी करतातच. तरीही कायद्याच्या पानावर गाठ सोडता येते एवढे सिद्ध झाले. दोन वर्षांनी तिथेच फुटबॉलचा विश्वचषक झाला. आभाळ काही कोसळले नाही.

आपले सरकार काय करते?

परदेशी सरकारला शिव्या देणे सोपे आहे. आपल्या दाराकडे वळू.

आपल्याकडे १९८३ चा परदेश स्थलांतर कायदा आहे. आखातासह ठरावीक देशांत कामाला जाणाऱ्या कमी शिकलेल्या माणसाला 'प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स' या अधिकाऱ्याची मंजुरी लागते. अधिकाऱ्याने करार पाहायचा, मालक पाहायचा, मगच माणूस विमानात बसायचा, असा हेतू. नोंदणीकृत एजंटाने कामगाराकडून तीस हजार रुपयांहून अधिक सेवाशुल्क, वर कर, घेऊ नये असा नियम आहे. दहा लाखांचा प्रवासी भारतीय विमा आहे. कागदावर व्यवस्था नेटकी दिसते.

आता आमच्या कुरुदच्या मुलाला ती लावून पाहा. तो दहावी पास आहे. दहावी पास म्हणजे त्याच्या पासपोर्टला मंजुरीची गरज नाही. म्हणजे त्याचा करार कोणताही अधिकारी पाहणार नाही. वेल्डरला चालक म्हणून पाठवतात हे कुणाच्या नजरेला येणार नाही. विमाही त्याला सक्तीचा नाही. सरकारचे म्हणणे असे की तू दहावी शिकलास, आता तुझे तू पाहा! ज्या आईबापांनी पोट मारून मुलाला शाळेत पाठवले, त्यांना त्या शाळेचे हे बक्षीस. अरबी भाषेतला करार दहावीच्या कोणत्या पुस्तकात शिकवतात, हे सरकारने एकदा सांगावे. १ जानेवारी २०१९ पासून अशा लोकांचीही नोंदणी सक्तीची करायचे सरकारने ठरवले होते. ओरड होताच ते बासनात गेले. ओरड अडवणुकीविरुद्ध होती आणि ती रास्तही होती. पण मग अडवणूक टाळून संरक्षण द्यायचे, हे काम कुणाचे?

स्त्रियांच्या बाबतीत उलटा प्रकार. मंजुरी लागणाऱ्या पासपोर्टवर घरकामासाठी या देशांत जाणारी बाई तीस वर्षांची झालेली हवी, असा नियम केला. २०१६ पासून अशा स्त्रियांची भरती केवळ सरकारी संस्थांमार्फत व्हावी असे ठरवले. सुरुवातीच्या यादीत केरळ, तामिळनाडू, आंध्र, तेलंगण आणि उत्तर प्रदेश यांच्या संस्था होत्या. ज्या राज्याची संस्था यादीत नाही तिथल्या बाईने काय करावे? ती घरीच बसते असे सरकारला वाटते काय? कर्ज घरी बसू देत नाही. ती पर्यटक म्हणून निघते, वय खोटे सांगते, तिसऱ्याच देशातून फिरून जाते. मग संकटात सापडली की वकिलातीच्या वहीत तिचे नावच नसते. बंदीने बाई थांबत नाही, फक्त तिची नोंद थांबते.

आणि मालकाकडून हमी घ्यायची वेळ आली तेव्हा? स्त्री घरकामगाराला थेट नेमणाऱ्या परदेशी मालकाकडून अडीच हजार डॉलरची बँक हमी घेण्याचा नियम आपल्याकडे होता. पगार बुडाला, बाईला परत आणावे लागले, तर तो पैसा कामी यावा. कुवेतला ते रुचले नाही आणि २०१७ मध्ये त्या देशापुरता हा नियम मागे घेतला गेला. कामगारावरची बंधने राहिली, मालकावरचे बंधन गेले. यावर अधिक भाष्याची गरज नाही.

जुनीच गोष्ट, नवे तिकीट

कुणी म्हणेल, हा आखाताचा रिवाज आहे, आपण काय करणार? मित्रांनो, हा वाळवंटातून आलेला रिवाज नाही. आपल्या आजोबा-पणजोबांच्या पाठीवर त्याचे वळ आहेत.

१८३४ पासून मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांवर गिरमिटिये नेले गेले. सुमारे साडेचार लाख माणसे त्या बेटावर उतरली. मुंबई बंदरातून कोकणातली मराठी माणसेही गेली आणि त्यांचे वंशज आजही तिथे गणपती बसवतात. करार पाच वर्षांचा, एका मळेवाल्याशी. करार संपला की माणूस मोकळा व्हायला हवा होता. पण मळेवाल्यांना मोकळा मजूर परवडत नव्हता. १८६७ मध्ये तिथल्या सरकारने कायदा केला. करार पुरा केलेल्या भारतीयानेही छायाचित्र लावलेले तिकीट आणि पोलिसांचा पास जवळ बाळगलाच पाहिजे. नसेल तर तो भटक्या ठरेल आणि तुरुंगात जाईल. परिणाम काय झाला? पासाच्या भीतीने माणूस पुन्हा त्याच मळ्यावर करार करायला गेला. १८७१ मध्ये नऊ हजार चारशे एक जुन्या गिरमिटियांनी आडोल्फ द प्लेविट्झ या मळेवाल्या गोऱ्या माणसाच्या साहाय्याने गव्हर्नराकडे अर्ज केला. मळेवाले खवळले, द प्लेविट्झला देशाबाहेर काढा म्हणाले. परंतु शेवटी राजाज्ञेने चौकशी आयोग नेमावा लागला.

त्या 'भटक्या'मध्ये आणि आजच्या 'गैरहजर'मध्ये फरक कोणता? दोन्हीकडे गुन्हा एकच: मालकाशिवाय उभे राहणे.

आणि ही पद्धत मोडली कशी? आपोआप नव्हे. ४ मार्च १९१२ रोजी गोपाळ कृष्ण गोखले यांनी केंद्रीय कायदेमंडळात गिरमिट भरती बंद करण्याचा ठराव मांडला. ठराव पडला. गोखले क्रांतिकारक नव्हते, मवाळ होते. पण मालकाच्या नावाने बांधलेल्या मजुरीला त्यांनी गुलामी म्हटले आणि मागे हटले नाहीत. १९१७ मध्ये भरती थांबली. ज्या देशाने शंभर वर्षांपूर्वी ही गाठ सोडायला लावली, त्या देशाचे सरकार आज त्याच गाठीच्या व्हिसाला 'संधी' म्हणते!

थायलंडचा धडा

काही विद्वान सांगतात की कायदा कडक केला की सारे सुटेल. त्यांनी थायलंडकडे पाहावे. तिथेही ब्रह्मदेश, कंबोडिया, लाओस इथून आलेली लाखो माणसे घरांत, शेतांवर, बोटींवर राबतात, आणि त्यांचा कामाचा परवाना मालकाशी जोडलेला असतो. जून २०१७ मध्ये तिथल्या लष्करी राजवटीने फर्मान काढले: परवान्याशिवाय परदेशी कामगार ठेवणाऱ्या मालकाला माणशी चार ते आठ लाख बाट दंड. ऐकायला किती कामगारहिताचे! दंड मालकाला ना? पण झाले असे की दंडाच्या भीतीने मालकांनी एका रात्रीत माणसे हाकलली आणि हजारो कामगार पोटल्या घेऊन सीमेकडे धावले. सरकारला फर्मानाची कलमे काही महिने स्थगित करावी लागली आणि मार्च २०१८ मध्ये दंड खाली आणावे लागले. कामगाराच्या हाती हक्क न देता केवळ मालकाच्या पाठीवर काठी उगारली, तर ती काठी फिरून कामगाराच्याच पाठीवर बसते.

आणि त्याच थायलंडच्या वाटेने आपली मुले कुठे पोहोचली तेही ऐका. नोकरीचे आमिष, थायलंडपर्यंत पर्यटक म्हणून प्रवास, 'परवाना तिथे गेल्यावर काढून देऊ' असे वचन, आणि मग सीमा ओलांडून म्यानमारमधले फसवणुकीचे अड्डे. सप्टेंबर २०२२ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने सावधगिरीची सूचना काढली. मार्च २०२५ मध्ये दोन विमानांनी ५४९ भारतीयांना थायलंडच्या सीमेवरून परत आणावे लागले. परवाना तिथे गेल्यावर मिळेल, असे जो सांगतो तो नोकरी देत नसतो, माणूस विकत असतो. हे वाक्य प्रत्येक आयटीआयच्या भिंतीवर लिहायला हवे.

भिलाईत वेगळे काय आहे?

भिलाईला परदेशी कामगार ठाऊक आहे. २ फेब्रुवारी १९५५ रोजी सोव्हिएत संघाशी करार झाला आणि तिकडचे तंत्रज्ञ इथे आले. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी पहिली झोतभट्टी सुरू झाली. ते तंत्रज्ञ परक्या देशात, परक्या भाषेत काम करत होते. पण त्यांच्यामागे दोन सरकारांचा करार होता. त्यांच्या राहण्याचा हक्क कुणा एका साहेबाच्या मर्जीवर लटकत नव्हता. अर्थ सरळ आहे: सरकारला वाटले तर परदेशातला कामगार मानाने काम करू शकतो. तज्ज्ञासाठी जमते, मजुरासाठी का जमू नये?

उलट आपण स्वतःच्या देशातल्या कामगारालाही एकेका मालकाच्या दावणीला बांधत चाललो आहोत. कारखान्यातल्या ठेका कामगाराचा गेटपास ठेकेदाराच्या नावावर निघतो. ठेका संपला, पास संपला, मग पंधरा वर्षांचा कामगार दारात नवखा. याच भिलाईत कायम नोकरी आणि जगण्यापुरते वेतन मागणाऱ्या लढ्याचे नेते शंकर गुहा नियोगी यांचा २८ सप्टेंबर १९९१ रोजी खून झाला, आणि १ जुलै १९९२ रोजी पॉवर हाऊस स्थानकात रुळांवर बसलेल्या कामगारांवर गोळ्या झाडल्या गेल्या. गेटपास मालकाच्या खिशातून काढून कामगाराच्या हाती देणे, ही मागणी किती महाग पडते हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

कायद्याचे काय झाले? १९७९ चा आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा पाच कामगारांपासून लागू होत असे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता अंमलात आल्या. त्यांत हा आकडा दहा झाला आणि ठेका कामगारांसाठी वीसचा आकडा पन्नास झाला. विस्थापन भत्ता तर नाहीसाच झाला. औद्योगिक संबंध संहितेने 'उद्योग' या शब्दाच्या व्याख्येतून घरगुती सेवा वगळली. म्हणजे छत्तीसगढच्या गावातून दिल्लीच्या बंगल्यात नेलेली मुलगी ही एकटी आहे, म्हणून ती कायद्याला दिसत नाही. २०१३ मध्ये छत्तीसगढने खाजगी नियोजन संस्थांवर नियंत्रणाचा कायदा केला, तो याच व्यापाराला आळा घालायला. पण एजंट पकडून घर मोकळे सोडले तर आळा कसा बसणार? २९ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने घरकामगारांसाठी कायदा करण्याचा विचार करायला केंद्राने समिती नेमावी असा आदेश दिला. जो देश आपल्या घरातल्या बाईला कामगार म्हणत नाही, तो कुवेतच्या घरातल्या आपल्या बाईसाठी कोणत्या तोंडाने भांडणार?

दोन आक्षेप

पहिला आक्षेप असा की मालकाने तिकिटाचा, व्हिसाचा खर्च केलेला असतो, कामगार दुसऱ्या दिवशी पळाला तर त्याचे नुकसान. ठीक आहे. त्यासाठी नोटिशीची मुदत ठेवा, खर्चाचा हिशेब ठेवा. दुकानदाराचे उधार बुडाले म्हणून गिऱ्हाइकाला कोंडून ठेवता येत नाही, दावा करावा लागतो. मालकाच्या उधारीसाठी माणूस कोंडायचा हक्क कुठून आला? आणि आमच्या मुलाच्या बाबतीत तर खर्च मालकाचा नव्हताच, आईच्या दागिन्यांचा होता.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. अटी घातल्या तर ते लोक नेपाळमधून, बांगलादेशातून माणसे घेतील आणि आपली मुले घरी बसतील. हे खरे आहे आणि त्याला एकट्याचे उत्तर नाही. किमतीची ही स्पर्धा आपण भिलाईतही पाहिली. एका युनियनने मागणी केली की ठेकेदार दुसऱ्या जिल्ह्यातून माणसे आणतो. तेव्हा आपण काय केले? दुसऱ्या जिल्ह्यातल्या माणसाला शत्रू म्हटले नाही, त्यालाच सभासद केले. इथेही तोच मार्ग आहे. नेपाळ, बांगलादेश, श्रीलंका, फिलिपिन्स इथल्या महासंघांशी मिळून एक किमान मागणीपत्र ठरवणे. २०२४ मध्ये जागतिक बँकेच्या अंदाजाने परदेशातल्या भारतीयांनी १२९ अब्ज डॉलर घरी पाठवले. एवढा पैसा आणणाऱ्या माणसांच्या देशाला वाटाघाटीत बोलायला आवाज नाही, असे कुणी सांगू नये.

आपले चुकले कुठे?

सरकारला दोष दिला, दलालाला दिला. आता स्वतःकडे पाहू. तो मुलगा सहा वर्षे आमच्याच शहरात ठेका कामगार होता. तेव्हा आमच्या एकाही कार्यकर्त्याने त्याची पावती फाडली नाही. कायम कामगारांच्या बोनसवर आम्ही महिने घालवले. इथे ज्याला आम्ही कामगार म्हणून धरून ठेवले नाही, त्याला दलालाने गिऱ्हाईक म्हणून धरले. दलाल त्याच्या घरी चार वेळा गेला. आम्ही एकदाही नाही. ही गोष्ट लिहिताना बरे वाटत नाही, पण लिहिली पाहिजे.

म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट असाव्यात:

१. कोणत्याही देशाशी होणाऱ्या कामगारविषयक करारात, नोटिशीची मुदत पाळून मालक बदलण्याचा हक्क लिहिलेला असावा. परवाना कामाचा असावा, मालकाचा नव्हे.

२. एकट्या व्यक्तीच्या नावाने निघालेल्या प्रत्येक व्हिसाचा करार, कामगार दहावी असो वा पदवीधर, जाण्यापूर्वी मोफत तपासून त्याच्या भाषेत समजावून द्यावा. अडवण्यासाठी नव्हे, सांगण्यासाठी.

३. भरतीचा खर्च मालकाने करावा. कामगाराकडून घेतलेला बेकायदा पैसा एजंटाच्या बँक हमीतून परत मिळावा.

४. स्त्रियांवरील वयाची बंदी काढून तिच्या जागी नोंदणी, वकिलातीत आसरा आणि कायदेशीर मदत द्यावी.

५. घरकामगारांविषयीच्या २०११ च्या आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १८९ क्रमांकाच्या कराराला भारताने मान्यता द्यावी, आणि देशात घरकामगारांसाठी केंद्रीय कायदा करावा. एका घरात एक कामगार असला तरी तो कायद्याला दिसला पाहिजे.

६. ऑक्टोबर २०२५ मध्ये सरकारने परदेशगमनाच्या नव्या विधेयकाचा मसुदा हरकतींसाठी जाहीर केला. १९८३ च्या कायद्याच्या जागी येणाऱ्या कोणत्याही कायद्यात वरील मागण्या याव्यात, यासाठी प्रत्येक जिल्हा शाखेने ठराव करून पाठवावा.

आणि सातवी गोष्ट सरकारकडे मागायची नाही, आपणच करायची. प्रत्येक औद्योगिक गावात युनियनच्या कार्यालयात आठवड्यातून एक संध्याकाळ परदेशी जाणाऱ्यांच्या कागदांसाठी राखून ठेवावी. सभासद असो वा नसो.

त्या मुलाचे काय झाले, असे वाचक विचारतील. त्याने त्या दिवशी पैसे भरले नाहीत. दलालाला म्हणाला, वेल्डर म्हणून, कंपनीच्या नावाने, अठरा कलमाचा कागद आणा, मग बोलू. दलालाने तो आणलेला नाही. मुलगा अजून ठेकेदाराकडेच आहे आणि त्याची आई मला रस्त्यात भेटली की विचारते, "भाऊ, तुम्ही अडवलंत ते बरंच झालं, पण आता पुढं काय?" तिला माझ्याकडे पुरे उत्तर नाही. तिचा प्रश्न बरोबर आहे. माणसाला वाईट कामापासून वाचवणे हे अर्धे काम झाले. इथेच धड काम मिळवून देणे हे उरलेले अर्धे, आणि ते अर्धे आपल्या सर्वांवर उधार आहे.

कामगार बंधू-भगिनींनो, सही करण्यापूर्वी कागद घेऊन या. पैसे भरल्यावर येऊ नका, आधी या.

कामगार एकजुटीचा विजय असो!